थाळीच्या पाठीवरचं नाव

बालाघाट,
मंगळवार, १० फेब्रुवारी

प्रिय महागू,

पाकिटामागे माझं नाव वाचून तुला वाटलं असेल, चैत्याच्या घरी लग्न निघालं, पत्रिका आली. लग्न नाही. कोणी गेलंही नाही, तेव्हा उभ्यानं वाचू नको, बसून वाच. गोंदियाच्या वसतिगृहातून तू निघालास त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत हे माझं तुला पहिलं पत्र. मधल्या काळात उकव्याला मी तीनदा आलो. दोनदा लग्नाचा मांडव टाकायला, आणि एकदा फक्त तुला भेटायला. त्या तिसऱ्या वेळी खदानीच्या वस्तीत तुझ्या घराच्या वळणापर्यंत पोचलो होतो. नळावरच्या एका बाईनं विचारलं, "कोणाच्या इथं जाऊन राह्यले, भाऊ?" मी म्हणालो, "बालाघाटची बस कितीले आहे?" आणि त्याच बसनं परत आलो. एक गोष्ट तुला सांगायची आहे आणि ती माझ्या तोंडातून निघत नाही, हे त्या दिवशी मला कळलं. कागदावर निघते का पाहतो. पुष्पलता, म्हणजे तुझी वहिनी, खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते, "महागू भाऊजीले अशी पुस्तकी मराठी लिहाल तर त्यायले वाटन कोर्टाची नोटीस आली." तिला सांगितलं, ही वसतिगृहातली मराठी आहे, आम्हा दोघांची. इथं ती आता खर्च तरी कोणावर करावी? नातवंडं भांडतात तीसुद्धा हिंदीत.

मी सरळ मुद्द्यावर येणार नाही, हे तुला माहीत आहे. आधी बातमी सांगतो, तिच्यातूनच मुद्दा निघेल.

आमच्या गल्लीच्या टोकाला सिपोराबाई अष्टमकर राहतात. ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे साहेब मलाजखंडला तांब्याच्या खदानीत इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर इथंच घर बांधलं, साहेब गेले, बाई राहिल्या. त्या ज्यू आहेत, मूळच्या अलिबागकडच्या. पूर्वजांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी ते तो बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. बाईंची मराठी ऐकलीस तर कान धुतल्यासारखे वाटतील. त्यांच्या घरचा कुठलाही कार्यक्रम असो, खुर्च्या माझ्या, भांडी माझी. त्यांची नात याएल ठाण्याला असते. बारा वर्षांची झाली. त्यांच्यात मुलगी बारा वर्षांची झाली की बात मित्झ्वा करतात. म्हणजे आजवर तिच्या बऱ्यावाईटाला आईबाप जबाबदार, इथून पुढे ती स्वतः. पोथीतला भाग तिनं ठाण्याच्या प्रार्थनाघरात वाचला. पण आजीचं खुब्याचं हाड मोडलेलं, प्रवास बंद. तेव्हा पोरीनं हट्ट धरला की जेवण बालाघाटला, आजीच्या समोर. परवा रविवारी ते झालं. चाळीस माणसं, दहा टेबलं, आणि खुर्च्या-भांड्यांचं काम माझ्या दुकानाचं, चैतराम बिछायत केंद्राचं.

महिनाभर आधी याएलनं व्हिडिओवर मला बोलावून घेतलं. म्हणाली, "काका, टेबलाच्या मध्ये फुलं नकोत." मी म्हणालो, "मग काय, लाइटिंगवालं कारंजं ठेवतो. नवीन आणलं आहे." तेही नको. तिला प्रत्येक टेबलाच्या मध्ये अशी वस्तू हवी होती की जेवण संपल्यावर ती कोणाच्या तरी कामी लागेल. फुलं दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. ही वस्तू कोणाच्या तरी घरी जायला हवी. असं त्यांच्यात बरेच लोक करतात म्हणे. कोणी पुस्तकं मांडतं, कोणी धान्य. तीस वर्षं मी लोकांच्या लग्नांची फुलं सकाळी ट्रॉलीत भरून वैनगंगेच्या काठी टाकत आलो, पण हा विचार मला एकदाही शिवला नाही. मी लगेच म्हणालो, बेटा, बैहरला मुलींचं छात्रावास, म्हणजे वसतिगृह आहे. अधीक्षिका गीता मॅडम दर पंधरा ऑगस्टला माझ्याकडून माइक नेतात. गेल्या वेळी सांगत होत्या की थाळ्या पुरत नाहीत, मुली दोन पंगतींत जेवतात. चाळीस मुली आहेत. दहा टेबलं, टेबलावर चार थाळ्या, चार गिलास. बांबूच्या टोपल्यांत उभ्या लावू, फुलांपेक्षा छान दिसतील. याएल खूश. मीही खूश. म्हणालो, थाळ्या माझ्याकडून.

आता इथं चैतरामची हुशारी ऐक. तुला माहीत नसेल, माझी सुरुवात भांड्यावर नावं टाकण्यापासून झाली. दहावीनंतर गोंदियाच्या भांडेबाजारात एका दुकानाच्या ओट्यावर बसत होतो. आंदणाची भांडी, बारशाचा पेला, बुद्धविहारातली समई, नाव टाकल्याशिवाय आपल्याकडे भांडं घरात जात नाही. आधी हातोडी आणि टोचा, मग विजेची मशीन. गिऱ्हाईक नाव सांगायचं आणि सोबत सगळं घर सांगून जायचं. कोणती सासू कोणत्या सुनेला चार थाळ्या कमी देते आहे, ते मला नवऱ्या मुलाच्या आधी कळायचं. नावं टाकता टाकता भांडी भाड्यानं देऊ लागलो, भांड्यांपाठी सतरंज्या आल्या, सतरंज्यांपाठी मांडव. तर म्हटलं, पोरीला चकित करू. कपाटातून जुनी मशीन काढली. हात आता थोडा हलतो, तरी चाळीसही थाळ्यांवर मध्यभागी, ठसठशीत टाकलं: "कु. याएल हिच्या बात मित्झ्वानिमित्त सप्रेम भेट." खाली बारीक अक्षरात, "सौजन्य चैतराम बिछायत केंद्र, बालाघाट." आणि जागा उरली होती म्हणून मोबाइल नंबर.

कार्यक्रमाला आठ दिवस होते. याएल आणि तिचे आईवडील येऊन पोचले होते. मी एक थाळी रुमालात गुंडाळून नेली. सिपोराबाईंना आता कमी दिसतं. त्यांनी थाळी मांडीवर घेतली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. मी कौतुकाची वाट पाहत उभा. त्या म्हणाल्या, "चैतराम, ह्यात जेवायचं कोणी?" म्हटलं, छात्रावासातल्या मुलींनी. "रोज?" हो, रोज, दोन वेळा. "म्हणजे त्या मुलीनं भात संपवला की दर वेळी खाली माझ्या नातीचं नाव निघणार. आणि तुझा फोन नंबर." याएल थाळीकडे पाहत होती. तिचे कान लाल झाले होते. रडेल की काय असं वाटलं मला.

तरी मी वाद घातला. धंदा कशाचा केला मी आयुष्यभर? म्हणालो, बाई, नाव नसेल तर भांडं टिकत नाही. पंगतीत गेलं की दुसऱ्याच्या घरी जातं. त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्यात दानाच्या पायऱ्या सांगितल्यात. घेणाऱ्याला देणारा कळू नये आणि देणाऱ्याला घेणारा कळू नये, ही फार वरची पायरी. तू तर पत्ता देऊन ठेवलास." मी म्हणालो, मग बिननावाच्या थाळ्या दोन महिन्यांत गायब होतील, वरच्या पायरीवर बसून काय करू? तेव्हा याएल पहिल्यांदा बोलली. "काका, मग जिची थाळी आहे तिचंच नाव टाका ना."

महागू, मी भांडेबाजारात बसलेला माणूस. दहा-बारा हजार भांड्यांवर नावं टाकली असतील. पण आंदणाच्या थाळीवर मुलीच्या बापाचं, देवळाच्या घंटेवर शेटजीचं, छात्रावासाच्या भांड्यावर दात्याचं. दान घेणाऱ्याचं नाव टाकायला माझ्याकडे आजवर कोणी आलं नव्हतं. सिपोराबाई म्हणाल्या, पण मग पाहुण्यांना नावं दिसणार, पायरी मोडली. पोर म्हणाली, त्या दिवशी थाळ्या कापडात बांधून ठेवू. बाई म्हणाल्या, तुलाही बघायची नाहीत. पोर म्हणाली, नाही बघणार. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मध्ये एक माणूस लागतो. त्याला दोन्हीकडचं माहीत, आणि तो बोलत नाही." पुष्पलतेला हे घरी येऊन सांगितलं तर ती पाटा-वरवंट्यावरून उठून दारात येऊन हसली. म्हणाली, "सगळ्या बालाघाटात त्यायले तुमीच सापडले?"

त्या चाळीस थाळ्या गोदामात गेल्या. पॉलिश मारून पाहिलं, टोचलेलं अक्षर जात नाही, सावलीसारखं राहतं. आता भाड्याच्या भांड्यांत त्या लग्नालग्नाला फिरतील. गेल्या आठवड्यात लालबर्र्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामानं विचारलंसुद्धा, ही याएल कोणाची कोण? नव्या थाळ्या आणल्या आणि गुरुवारी मशीन घेऊन बैहरला गेलो. गीता मॅडमना सांगून ठेवलं होतं की मी कोण ते मुलींना सांगायचं नाही. फक्त नावं टाकणारा मिस्त्री. व्हरांड्यात बोर्डाला वायर लावून बसलो, मुली ओळीनं यायला लागल्या.

मॅडमनी हजेरीचं रजिस्टर दिलं होतं, ते मी पहिल्या पाचातच मिटून ठेवलं. एकीचं रजिस्टरातलं नाव मी मोठ्यानं वाचलं तर ती मागे वळून पाहायला लागली, कोणाला बोलावलं म्हणून. घरचं नाव वेगळं होतं. मग मी प्रत्येकीला विचारलं, तुला जेवायला कोणत्या नावानं बोलावतात? ते टाकतो. एक म्हणाली, घरी तर फक्त "ए" म्हणतात. बाकीच्या खिदळल्या. तिनं जरा विचार केला आणि स्वतःचं एक नाव सांगितलं, जे आजवर तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. आता ते नाव स्टीलवर आहे. नावं तुलाही सांगत नाही, शब्द दिला आहे. दोघी बहिणी होत्या, त्यांना एकाच थाळीवर दोघींची नावं हवी होती, दोन्ही थाळ्यांवर. एकीनं नाव टाकून झाल्यावर थाळी ओढणीनं पुसली आणि कोणाला न दाखवता कुशीत धरून आत घेऊन गेली. जेवायला अजून तास होता. थाळ्या परत गोळा करून बालाघाटला न्यायच्या होत्या, टेबलावर मांडायच्या होत्या, तर मला वाटलं ती देतच नाही. मॅडमनी समजूत घातली, सोमवारी परत येईल म्हणून.

शेवटून तिसरी एक सडपातळ मुलगी आली, नववीतली. थाळी माझ्या हातात दिली ती उलटी करून. म्हणाली, "बाबाजी, माझं नाव पाठीवर टाका." मी विचारलं, "काहून बाई? सगळ्यायनं समोर टाकलं." ती म्हणाली, "समोर देणाऱ्याचं नाव राहते. पाठीवर जेवणाऱ्याचं." मशीन माझ्या हातात चालू होती, ती मी बंद केली. विचारलं, हे कोणी सांगितलं? "आजोबानं." कोणते आजोबा? "आईचे बाबा. उकव्याचे. महागू आजोबा."

हे एवढं एक नाव मी फोडतो, कारण त्या नावाचा हक्क तुझ्याकडे आहे. तुझ्या अंजनाची श्रुतिका. महागू, पोरगी अगदी तुझ्यासारखी मान तिरपी करून बोलते. मी मिस्त्रीच होतो तिच्या लेखी, म्हणून ती सांगत गेली आणि मी ऐकत गेलो. म्हणाली, आजोबा वसतिगृहात होते तेव्हा तिथं एका शेटजीनं जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थाळ्या दिल्या होत्या, सगळ्यांच्या मध्ये शेटजीच्या बापाचं नाव. मुलं जास्त, थाळ्या कमी. आजोबांचा एक दोस्त होता, चिमणीएवढा. रोज त्याची थाळी कोणीतरी मोठा मुलगा पळवायचा आणि त्याला शेवटच्या पंगतीत उरलंसुरलं खावं लागायचं. तर आजोबानं खिळा आणि दगड घेऊन एका थाळीच्या पाठीवर त्याचं नाव टोचलं आणि सगळ्यांना दाखवलं, ही याची. सुपरिन्टेंडनं पाहिलं. दानाचं भांडं खराब केलं म्हणून पंगत चालू असताना विचारलं, कोणाचं काम? आजोबा उभे झाले. त्याच दिवशी त्यांचं नाव काढलं, सातवीतून. मी विचारलं, "अन् तो दोस्त?" ती म्हणाली, "तो रडून राह्यला होता म्हणते आजोबा. लहान होता न. म्हणून आजोबाले उभं होनंच पडलं. आता तो बालाघाटले मोठा माणूस झाला म्हणते." आणि हसली. महागू, ती हसली. तू तिला ही गोष्ट हसत सांगितली आहेस, हे मला तिच्या हसण्यातून ऐकू आलं. आणि पंचेचाळीस वर्षं मी समजत होतो की तुझ्या घरात माझं नाव निघत असेल तर शिवीसारखं.

तिचं नाव पाठीवर टाकलं. मशीननं नाही. मॅडमकडून खिळा मागितला.

रविवारचं जेवण छान झालं. सिपोराबाईंनी पोह्यांचा मलिदा करवून घेतला होता, गूळ, खोबरं, खजूर घालून, त्यावर प्रार्थना म्हणाल्या. दहा टेबलांवर दहा टोपल्या, त्यात बांधलेल्या थाळ्या. पाहुणे विचारत होते, आत काय आहे? याएल म्हणत होती, मलाही माहीत नाही. खरंच पाहिलं नव्हतं तिनं. मलाजखंडच्या एका जुन्या साहेबांनी गाठ सोडायला हात लावला तर तिनं त्यांच्या हातात पापड दिला. सोमवारी टोपल्या बैहरला गेल्या. चाळीस मुली काल एका पंगतीत जेवल्या, मॅडमचा फोन आला.

त्या रविवारी पाहुणे पांगल्यावर मी सिपोराबाईंना तुझी गोष्ट सांगितली. तिच्यात श्रुतिकाला माहीत नसलेलं जे होतं, तेही सांगितलं. पुष्पलतेलाही ते माहीत नाही, तिला आता चहाला पाठवलं आहे. आणि म्हटलं, बाई, मी त्याच्यासाठी काही तरी गुपचूप करतो, त्याला कळू न देता, तुमच्या वरच्या पायरीसारखं. त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. म्हणाल्या, "दान मुक्यानं द्यावं, चैतराम. आभारही मुक्यानं मानायला लागलास तर ती चोरी." तेव्हा नाव घेऊन लिहितो. महागू, मी रडत नव्हतो. तू उभा झालास तेव्हा माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला आणि खाली पाहून दुसरा घेतला, कारण त्या दिवशी पहिल्यांदा मला पहिल्या पंगतीत थाळी मिळाली होती आणि भात गरम होता. तू दारातून गेलास तेव्हाही मी जेवत होतो. पुढं त्याच खिळ्याच्या कामावर मी पोट भरलं, आणि कोणी विचारलं की कोणाकडून शिकलास, तर म्हणत आलो, कोणाकडून नाही. तू नातीला सांगितलेलं खोटं माझी लाज झाकायला होतं, एवढं मला समजतं. ते तिच्यापुरतं राहू दे किंवा खरं सांग, तुझी मर्जी. पण तुझ्या-माझ्यात ते नको. तू माझं नाव टोचलंस, तू उभा झालास, तू घरी गेलास, आणि मी जेवलो. त्या जेवणासाठी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक जेवणासाठी, मी तुझा आभारी आहे.

तुझाच,
चैत्या